करियाचं म्हातारपण

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात कुत्र्यावर भाषण, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर, मधुमेहावर, म्युच्युअल फंडावर व्याख्यानं झाली. कार्यक्रम समितीतल्या वहिनींनी फोन केला आणि म्हणाल्या, "तुम्ही त्या म्हाताऱ्या कुत्र्याचं एवढं केलंत, त्यावरच बोला की!" मी म्हटलं, अहो, ऐकायला कोण येणार? आता बघते तर खुर्च्या बऱ्याच भरल्यात. त्यातल्या काही नंतरच्या सुगम संगीतासाठी धरून ठेवलेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी आनंद आहे.

पिल्लू कसं निवडावं, कोणती जात फ्लॅटला बरी, हे मी सांगणार नाही. त्यासाठी सांगणारे पुष्कळ आहेत. रस्त्यावर वाढलेला, कुणीतरी उचलून आश्रयस्थानात नेलेला आणि वय झाल्यावर आपल्या घरी आलेला गावठी कुत्रा, आणि त्याची शेवटची तीन-चार वर्षं, एवढाच माझा विषय.

सुरुवात आपल्या बेंगळुरूतल्याच एका दगडापासून करते. कस्तुरबा रोडवरचं लाल रंगाचं सरकारी संग्रहालय आपण सगळ्यांनी जाता-येता पाहिलं आहे. आत किती जण गेलेत? हात वर करा... सहा-सात. बरं. तिथे मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावचा एक वीरगळ ठेवलेला आहे. तो एका कुत्र्याचा आहे. काळ शके 872, म्हणजे इसवी सन 949-50. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (वेरूळचं कैलास लेणं ज्या पहिल्या कृष्णाच्या नावावर आहे त्याच घराण्यातला) आणि चोळ यांची तक्कोलमला मोठी लढाई झाली. कृष्णाच्या बाजूने गंग राजा बूतुग लढला. त्याचा एक सरदार होता मणलेर. त्याचा पराक्रम पाहून राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, माग काय हवं ते. या गृहस्थाने गाव मागितलं नाही की सोनं मागितलं नाही. राजाची काळी नावाची शिकारी कुत्री त्याने मागून घेतली! पुढे एका दांडग्या रानडुकरावर काळीला सोडलं, तेव्हा दोघांनी एकमेकांना ठार केलं. तिच्यासाठी चल्लेश्वराच्या देवळासमोर हा दगड उभा राहिला, त्याला जमीन लावून दिली, आणि पुजाऱ्याने या दगडाची पूजा न करता अन्न घेतलं तर त्याला पाप लागेल, असंही कोरून ठेवलं. हजार वर्षांपूर्वी.

आपल्याकडेही आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, असं सांगतात. रायगडावरच्या वाघ्याबद्दल वाद आहे, त्यात मी पडत नाही, सणाचे दिवस आहेत.

पण माझ्या मनात एक विचार येतो. हे सगळे दगड पराक्रमाचे आहेत. डुकराशी झुंजून मेलेली काळी, वाघावर भुंकलेला खंड्या. ज्याने आयुष्यात काहीच केलं नाही, जो नुसता म्हातारा झाला, ज्याला जिना चढवेना आणि रात्री लघवी आवरेना, अशा कुत्र्याचा दगड मी कुठे पाहिलेला नाही.

आमचा करिया त्या जातीचा. बेंगळुरूत एखाद्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहायला येतात. त्यांच्या उरल्यासुरल्या भातावर एखादं पिल्लू वाढतं. रात्री तेच राखण करतं. दीड-दोन वर्षांनी इमारत उभी राहते, मजूर दुसऱ्या कामावर जातात, खोल्या मोडतात आणि कुत्रा तिथेच राहतो. नवीन राहायला आलेल्या लोकांना तो 'बाहेरचा' वाटतो. खरं तर त्या जागेचा पहिला रहिवासी तोच! आपल्यापैकी जे व्हाइटफील्ड, सर्जापूर रोड, कनकपुरा रोड या भागांत राहतात त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल. तेव्हाच्या महानगरपालिकेने 2023 साली मोजणी केली, तेव्हा शहरात सुमारे 2 लाख 79 हजार भटकी कुत्री निघाली. 2019 साली हाच आकडा 3 लाख 10 हजार होता. म्हणजे नसबंदीचा उपयोग होतो, पण संख्या अजून मोठीच आहे. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईचा राग मी समजू शकते. रेबीज हा थट्टेचा विषय नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली कुत्री उचलून कायमची कोंडायला सांगितलं, मग 22 ऑगस्टला तो आदेश बदलून नसबंदी आणि लस झालेली, पिसाळलेली किंवा आक्रमक नसलेली कुत्री जागच्या जागी सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आदेश झाला. या सगळ्यात दोन्ही बाजूंनी गळे काढून भांडण झालं, पण म्हाताऱ्या कुत्र्याचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. तीन वर्षांचा कुत्रा नव्या जागी तग धरतो. बारा वर्षांचा, दिसत-ऐकत नसलेला, आपली गल्ली नुसत्या वासावर ओळखणारा, तो नाही धरत.

करियाला गाडीने उडवलं, मागचा पाय मोडला, म्हणून तो आश्रयस्थानात पोचला. पाय बरा झाला. पण दत्तक शिबिरात लोक पिल्लं उचलतात. मोठा नको, काळा नको, लंगडा तर नकोच. करिया तिन्ही होता. 2019 च्या डिसेंबरात आम्ही त्याला घरी आणलं. करिया म्हणजे कन्नडमध्ये काळ्या. नाव आम्ही बदललं नाही. नऊ-दहा वर्षांच्या प्राण्याचं आयुष्यात आधीच सगळं बदललेलं असतं, नाव तरी राहू द्यावं.

डॉक्टरांनी दातांवरून नऊ-दहा वर्षं सांगितली, पण दातांवरून वय नीट कळतं ते सहा-सात महिन्यांपर्यंतच. पुढे सगळा अंदाज. एक वर्ष बरोबर माणसाची सात, हा आपला हिशेबही चुकीचा आहे. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी शंभराहून जास्त लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या पेशी तपासून दाखवलं की कुत्रं पहिल्याच वर्षात माणसाच्या तिशीला पोचतं आणि मग वाढीचा वेग मंदावतो. त्या हिशेबाने बारा वर्षांचं कुत्रं सत्तरीचं. म्हणजे करिया आणि आमचे हे जवळजवळ एका वयाचे झाले. सकाळी दोघं एकाच वेगाने फिरायला जायचे.

आता भाषेची गंमत सांगते. करियाला येत होतं कन्नड. 'बा' म्हटलं की यायचा, 'ऊटा' म्हटलं की झोपेतून उठायचा. आमच्याकडे मराठी. सहा महिन्यांत तो 'चल', 'थांब' आणि 'नाही म्हटलं ना!' शिकला. आमच्यापैकी काहींना चाळीस वर्षं इथे राहून कन्नड आलं नाही, त्या मानाने बराच हुशार. (हसू नका, मी कुणाकडेही बघत नाहीये.) दोन वर्षांनी त्याचे कान गेले आणि दोन्ही भाषा संपल्या. त्याला शिस्त लावायला येणाऱ्या मुलाने एक चांगली गोष्ट आधीच करून ठेवली होती: प्रत्येक शब्दाबरोबर हाताची खूण. कान शाबूत असतानाच या खुणा शिकवाव्यात. बहिऱ्या कुत्र्याला झोपेत मागून हात लावू नये, दचकून तोंड टाकतो. जमिनीवर पाय आपटावा, फरशीचा हादरा त्याला कळतो.

डोळ्यांचंही असंच. सात-आठ वर्षांनंतर बुबुळामागे निळसर झाक दिसते. लोक म्हणतात मोतीबिंदू झाला. बहुतेक वेळा ते नुसतं भिंग घट्ट होणं असतं, त्याने दिसायचं थांबत नाही. पांढरा, दुधाळ डाग दिसला तर मोतीबिंदू. पाहून घ्यावं डॉक्टरांकडून. आणि एकदा कुत्र्याला कमी दिसायला लागलं की घरातलं फर्निचर हलवू नये. दिवाळीच्या साफसफाईत सोफा इकडचा तिकडे करायची आपली जी हौस असते, ती आवरावी.

आपल्या घरांत गुळगुळीत फरशी. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचे पाय त्यावर फाकतात. महागड्या वस्तू लागत नाहीत. योगासनाच्या जुन्या चटया घालाव्यात. आमच्या हॉलपासून बाल्कनीपर्यंत निळ्या-जांभळ्या चटयांचा रस्ताच झाला होता. पाहुणे विचारायचे, योगवर्ग चालवता का? नखं वेळेवर कापावीत, लांब नखांनी पाय आणखी घसरतो. लिफ्टवरून आमच्या सोसायटीत बरीच कुरबुर झाली. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 साली काढलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. तरुण कुत्रा जिन्याने जाईल हो. म्हाताऱ्याला लिफ्ट नाकारणं म्हणजे त्याला घरात कोंडणंच.

दुखणं कुत्रा सांगत नाही, हे सर्वांत महत्त्वाचं. तो कण्हत नाही. तो पायरीपाशी क्षणभर थांबतो, एकच सांधा चाटत बसतो, रात्री उगीच धापा टाकतो, दाराची बेल वाजली तरी उठून येत नाही. आपण म्हणतो, 'वय झालं.' वय हा आजार नाही, सांधेदुखी हा आजार आहे, आणि तिच्यावर औषध आहे. मात्र ते डॉक्टरांनी दिलेलं. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नाही. पॅरासिटामॉल यकृताला बाधतं, बाकीच्या दोन्हींनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात.

आणि आज गणपतीत सांगायलाच हवं: प्रसाद! शिऱ्यातले बेदाणे, पंचखाद्यातली खारीक-मनुका. द्राक्ष आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं; 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाचं नाव घेतलं. ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा पुळियोगरेसुद्धा नको. चॉकलेट, कांदा, लसूण नको. काही साखरविरहित गोळ्यांमध्ये आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, तेही कुत्र्याला घातक. उकडीचा मोदक? एखादा सारण काढून, नुसती पारी. सारणावर आमच्या ह्यांचा हक्क.

शेवटच्या वर्षी रात्री कठीण झाल्या. दोन-अडीचला करिया उठायचा आणि घरभर फिरायचा. कोपऱ्यात डोकं टेकून उभा राहायचा, मागे वळावं हे त्याला सुचायचं नाही. दार उघडायच्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला जाऊन वाट बघायचा. माणसातल्या अल्झायमरसारखा हा विकार आहे, मेंदूत तशाच प्रथिनाचे थर साचतात. ज्यांनी घरात आजी-आजोबांचं असं पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री एक मंद दिवा लावून ठेवला, जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळल्या, डॉक्टरांनी गोळी दिली. थोडा फरक पडला. बाकी आम्ही पाळ्या लावल्या: मंगळवार, गुरुवार, शनिवार माझी रात्र, बाकीच्या ह्यांच्या.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुमची दोघांची तब्येत बघा आधी." तिचं चूक नव्हतं. रात्री चारला चादर धुताना माझ्याही मनात यायचं, कशासाठी हे? उत्तर असं काही नव्हतं. सकाळी करिया माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा, आणि मी चहा गार होईपर्यंत पाय हलवायची नाही.

मग मूत्रपिंडं गेली. रोज कातडीखाली सलाईन द्यायचं. डॉक्टरांनी शिकवलं, ते घरी जमतं, सुई बघून घाबरायचं कारण नाही. आणि तो प्रश्न आला, जो प्रत्येकापुढे येतो. आमच्या घरात त्यावर एकमत नव्हतं. हे म्हणाले, जीव आपण दिलेला नाही, घेणारे आपण कोण? त्यांच्या वडिलांच्या आजारपणातही ते असंच म्हणाले होते आणि शेवटपर्यंत सेवा केली होती. मी म्हणत होते, वडील बोलू शकत होते. हा बोलू शकत नाही.

आमच्या डॉक्टरांनी एक रीत सांगितली. अॅलिस व्हिलालोबॉस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी 2004 साली ती मांडली. सात गोष्टींना रोज दहापैकी गुण द्यायचे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर चालू ठेवण्यासारखं. आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, जिथे दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, दिवस चांगला गेला की निळी फुली, वाईट गेला की लाल फुली करायला लागलो. फुली दोघांनी मिळून करायची, भांडायचं नाही. ऑक्टोबर 2023 चं पान निळं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच लाल. दिवाळीनंतर एके दिवशी त्याने दहीभात नाकारला, ह्यांच्या हातचा. हे कॅलेंडरसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरांना फोन कर."

डॉक्टर घरी आले. ज्यांना पुढे कधी ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, प्राणी झोपतो. मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. दोन-तीन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, ते मिटत नाहीत. थांबल्यावरही एखादा खोल श्वास आल्यासारखं होतं, स्नायू हलतात. तो जिवंत नसतो, घाबरू नये. खाली जुनी चादर घालावी. करियाचं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं. मी पाठीवर हात ठेवून बसले होते.

नैसर्गिक मरण येऊ देणारेही माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी वेदनेवर नीट औषध दिलं असेल, रात्रंदिवस जवळ बसले असतील, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. कुत्रा खाईनासा झाल्यावर त्याला आश्रयस्थानाच्या दारात बांधून निघून जाणाऱ्यांना मात्र ठेवते. गेटवर तशी कुत्री सापडतात. शोधून बघा, कित्येकांच्या गळ्यात चांगला पट्टा असतो.

अंत्यविधीबद्दल लोक विचारतात. सुमनहळ्ळीला प्राण्यांसाठी विद्युतदाहिनी आहे. केंगेरीच्या बाजूला पीपल फॉर अॅनिमल्सच्या आवारात दफनाची सोय आहे. आधी फोन करून जावं.

आणि दुःख होतं, मोठं होतं. 'कुत्राच तर होता' असं म्हणणारे भेटतात. बसवराज बोम्मई मुख्यमंत्री होण्याच्या थोडे दिवस आधी, जुलै 2021 मध्ये, त्यांचा सनी नावाचा कुत्रा गेला. त्यांचे रडतानाचे फोटो सगळ्या पेपरांत होते. पुढच्या वर्षी '777 चार्ली' हा कन्नड सिनेमा बघून ते पुन्हा सर्वांसमोर रडले. राजकारण बाजूला ठेवा, मला त्या दिवशी त्यांचं बरं वाटलं.

एक मुद्दा आपल्या वयाच्या मंडळींसाठी. 'आता आम्हीच म्हातारे, कुत्रा कशाला?' असं म्हणतात. पिल्लू आणू नका, हे मीही सांगेन. ते पंधरा वर्षं जगेल, आपलं काय सांगावं. पण दहा वर्षांचा कुत्रा? त्याला पळायचं नसतं. त्याला दुपारी झोपायचं असतं, आपल्यालाही. मात्र आपल्यामागे त्याचं कोण करणार, ते ठरवून लिहून ठेवा. रतन टाटा ऑक्टोबर 2024 मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद असल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. आपल्या कायद्यात कुत्र्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत, सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे ठेवावे लागतात. त्या माणसाला आधी विचारून घ्यावं, हे ओघाने आलंच.

आणि वयाचंच म्हणाल तर, क्रिस्टल रॉजर्स नावाच्या इंग्रज बाई होत्या, जन्म 1906 चा. दिल्लीत आणि मग 1980 साली जयपूरला त्यांनी प्राण्यांसाठी संस्था काढल्या. नंतर त्या बेंगळुरूला आल्या आणि 1991 साली इथे कूपा ही संस्था सुरू केली. हिशेब करा, पंच्याऐंशीच्या आसपास! हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात या संस्थेचा दवाखाना कित्येक वर्षं चालत आला. आपण पासष्टीला गुडघ्यांची तक्रार सांगून सहलीचं रद्द करतो.

लगेच कुत्रा घरी न्या, असं मी म्हणत नाही. करियाच्या चटया, उरलेली पॅडं, सलाईनचा स्टँड मी आश्रयस्थानात देऊन आले, तेव्हा तिथल्या मुलीने एक वही दाखवली. मागच्या बाजूच्या पिंजऱ्यांत अकरा म्हातारी कुत्री होती. त्यांना औषध मिळतं, जेवण मिळतं. अंगावरून हात फिरवायला आणि अर्धा तास उन्हात बसवायला माणसं कमी पडतात. म्हणून मी दर रविवारी सकाळी साडेआठला निघते, साडेअकराला परत. कपडे जुने घालावे लागतात. गाडीत तीन जागा असतात, पुढची ह्यांची; मागे दोन रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी कार्यक्रमानंतर पेढ्यांच्या टेबलापाशी मला भेटा.